घाटाचा राजा आणि उताराची प्रजा

इतिहास लिहिणाऱ्या मंडळींवर माझा एक जुना राग आहे. त्यांना चढाचं फार कौतुक. अमक्या सरदाराने अमका गड कुठल्या बाजूने चढला, दोर कशाला बांधला, वर पहिला पाय कोणी ठेवला, हे सगळं आपण शाळेत छड्या खाऊन पाठ केलं. पण तोच सरदार गडावरून खाली कसा आला, याबद्दल बखरकार गप्प. आमच्या तारापूरचंच घ्या. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले, हे इतिहासात आहे. तटावर चढून गेलेली माणसं नंतर तटावरून उतरली असतीलच ना? त्यात एखाद्याचा पाय मुरगळला असेल, एखादा बसून घसरत आला असेल. त्याची नोंद नाही.

सायकलच्या इतिहासातही हाच पक्षपात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत जो गडी बोरघाट सगळ्यांत आधी चढून जातो त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. फोटो, हारतुरे, बक्षीस. बरोबरच आहे, चढाला छाती लागते. पण घाट उतरणाऱ्याला काय लागतं, हे कधी कोणी विचारलं आहे का? चढताना माणूस फार तर दमतो. उतरताना तो काहीही होऊ शकतो. तरी राजा चढणारा, आणि उतरणारे आम्ही सगळे प्रजा.

म्हणून हा इतिहास मीच लिहायला घेतला आहे. माझी पात्रता काय म्हणाल, तर डाव्या गुडघ्यावर एक, उजव्या कोपरावर दोन आणि हनुवटीखाली एक अशी चार अस्सल ऐतिहासिक साधनं माझ्या अंगावर आहेत. अभ्यासकांनी आगाऊ सूचना देऊन यावं, पँट वर करून दाखवीन.

तर मुळापासून सुरुवात करू. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थांनी एकामागे एक दोन चाकं लावून एक लाकडी गाडी तयार केली. तिला पायडल नव्हते. वर बसायचं आणि जमिनीवर पाय मारत पळायचं. गाडी माणसाला नेते आहे की माणूस गाडीला, असा प्रश्न बघणाऱ्याला पडत असणार. पण उतार आला की पाय वर उचलून धरायचे, आणि मग मात्र ती गाडी खरोखर गाडी होई. तेव्हा सायकलचा जन्म सपाटीवर झाला असला तरी तिची मुंज उतारावर लागली, असं म्हणायला हरकत नाही.

पुढे पायडल आले, आणि पुढलं चाक फुगत फुगत पुरुषाच्या छातीला लागलं. मागलं चाक मात्र इवलंसं, आईच्या पदराला धरून चालणाऱ्या पोरासारखं. या उंच गाडीचे पायडल पुढल्या चाकालाच जखडलेले असत. उतारावर चाक ज्या वेगाने फिरेल त्याच वेगाने पाय फिरवा, नाहीतर काढून घ्या. अनुभवी माणसं उतार लागला की दोन्ही पाय हँडलवरून पुढे टाकून बसत. हेतू असा, की चाक दगडाला अडखळून गाडी पालथी झालीच तर निदान पायांवर पडावं. पडायचं हे धरूनच चालायचं. कुठल्या अवयवावर, एवढीच निवड आपल्या हाती! आमच्या भागात पन्नास वर्षं सायकल चालवल्यावर मला हा विचार फार थोर वाटू लागला आहे.

मग १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी सारख्या मापाची दोन चाकं घेतली, मागल्या चाकाला साखळी लावली आणि आज आपण जिला सायकल म्हणतो ती गाडी बाजारात आणली. तिच्या जातीचं नावच मुळी ‘सेफ्टी’ पडलं. म्हणजे सुरक्षित. (त्यांनी आमचा रस्ता पाहिला नव्हता.) तीन वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी गुंडाळली. पोराला दगडी रस्त्यावर हादरे बसत होते, बापाला ते पाहवेना. जगातले सगळे टायर-ट्यूब एका बापाच्या काळजीतून निघाले आहेत, हे पंक्चर काढताना आठवलं की राग थोडा कमी होतो.

त्यानंतर आलं फ्रीव्हील. पाय थांबले तरी चाक फिरत राहतं ती सोय. त्याआधी पाय आवरले की गाडीही थोडीफार आवरे. फ्रीव्हील आल्यावर पाय रिकामे झाले आणि सगळा भार ब्रेकवर आला. सुख आधी आलं, ते आवरायचं कसं हा प्रश्न मागाहून आला. लग्नाबद्दलही हेच म्हणतात. पण ते पुढे येणारच आहे.

आपल्याकडे सायकल आली साहेबाबरोबर, आणि साहेब गेल्यावरही राहिली. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला १९५१ पासून ॲटलस, लुधियानाला १९५६ पासून हीरो, अशा देशी सायकली निघू लागल्या. अठ्ठावीस इंची चाकं, काळा रंग, वजन वीस किलोच्या आसपास, आणि दांड्यांचे ब्रेक. आजच्या पोरांना दांड्यांचा ब्रेक माहीत नाही. मूठ दाबली की दांडी वर ओढली जायची, दांडीच्या टोकाला घोड्याच्या नालेसारखा एक चिमटा, आणि त्याची दोन रबरं आतल्या अंगाने रिमला भिडायची. कोरड्यात काम चोख. पण रिम पोलादी, वर चकचकीत मुलामा. ती एकदा भिजली की रबराची पकड निम्म्याच्याही खाली जाते. मूठ आवळली की गाडी थांबायच्या ऐवजी फक्त ‘किंई’ असा आवाज करते. तो इशारा असतो. पण तो इतरांना असतो. आपल्याला ठाऊकच असतं.

माझी सायकल सेकंडहँड होती. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण ती माझ्याकडे येईपर्यंत साखळीच्या पत्र्यावरचं नाव आधीच्या मालकांच्या पाटलोणींनी पुसून टाकलं होतं.

आता रस्त्याकडे वळू. आमचं पालघर १ ऑगस्ट २०१४ पासून जिल्हा आहे. त्याआधी ठाणे जिल्ह्यातला तालुका. इकडे आगगाडी १८६४ सालीच आली. म्हणजे आमच्याकडे रूळ आधी, रस्ता मागाहून. माणसं विरार-सुरतेकडे सरळ रेषेत जात आणि स्टेशनातून घरी वाकडीतिकडी. १९४३ साली नागपुरात इंजिनियर लोकांनी बसून देशातल्या रस्त्यांची उतरंड लावली: वर राष्ट्रीय महामार्ग, खाली प्रांताचे रस्ते, मग जिल्ह्याचे आणि सर्वांत तळाला खेड्याचे. उतरंडीत तळाच्या मडक्यावर सगळ्यांत जास्त भार असतो, हे इंजिनियर लोकांना माहीत असणारच. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर हजारो बाया-माणसांनी रस्त्याकडेला बसून खडी फोडली, आणि त्यातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ मध्ये कायद्यात बसली. महाराष्ट्रातल्या कितीतरी खेड्यांचा पहिला रस्ता असा भुकेच्या पोटी झाला आहे. त्या खडीवरून घसरून पडलो तरी तिला शिवी देताना माझी जीभ अडखळते ती यामुळे.

इकडे तारापूरला १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. पाठोपाठ बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली. कारखाने आले, कारखान्यांमागे ट्रक आले, ट्रकांमागे नोकऱ्या आल्या आणि नोकऱ्यांमागे मी आलो. राहायला पालघरला, कारकुनी बोईसरला. गाडी चुकली की उमरोळीवरून सायकल. हा सगळा पट्टा तसा सपाट. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र, मधे भातशेती. म्हणजे भूगोलाच्या पुस्तकात सपाट. प्रत्यक्षात पहिल्या पावसानंतर प्रत्येक खड्ड्याला एक उतार आणि एक चढ असे दोन घाट मोफत मिळत. निसर्गाने आम्हाला न दिलेले डोंगर रस्त्याने भरून काढले होते.

खड्डा कसा जन्मतो ठाऊक आहे? डांबर वाहत्या पाण्याला भीत नाही, साचलेल्या पाण्याला भितं. रस्त्याकडेचं गटार बुजलं की पाणी रस्त्यावर थांबतं. बारीकशा चिरेतून ते आत शिरतं आणि खालची खडी-माती भिजवून मऊ करतं. वरून ट्रक गेला की चाकाखाली दबलेलं पाणी उसळून बाहेर येतं आणि येताना बारीक माती घेऊन येतं. दुसरा ट्रक आणखी थोडी आणतो. वरचा डांबराचा पापुद्रा मग पोकळीवर उभा राहतो, आणि एका सकाळी खचतो. आमच्याकडे पावसाळ्यात सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेव्हा खड्डा हा अपघात नसून पीक आहे. भाताच्याच वेळी लागवड, भाताच्याच वेळी भरघोस.

आता मुख्य प्रसंग. साल १९७८, श्रावणातला रविवार. लग्नाला चार महिने झालेले. पालघरहून मनोरला जाताना वाघोबाची खिंड लागते. तिथे वाघोबाचं ठाणं आहे. वारली लोकांचा हा देव; वाघबारसेला त्याची पूजा होते, आणि एरवीही येणारा-जाणारा तिथे हात जोडून, नाणं टाकून पुढे जातो. खिंडीत वाघ असत तेव्हा वाघापासून राखायचा. आता तेच काम तो ट्रकपासून करतो. ही म्हणाली, “वाघोबाला नारळ फोडून येऊ.” एस.टी.चे पैसे होते, पण मला नवी बायको मागे कॅरिअरवर बसवून मिरवायचं होतं. डबलसीटला शहरात पोलीस धरत. खिंडीत पोलीस कुठला!

चढ आम्ही पायीच चढलो. मी हँडल धरून ओढत, ही कॅरिअर धरून ढकलत. त्यामुळे उतरताना बसायचा तिचा हक्क पक्का झाला. देवाला नारळ फोडला, अर्धी वाटी घेतली, आणि पालघरच्या बाजूला उतरायला लागलो तेव्हा भुरभुर चालू होती. पहिल्या वळणापर्यंत मी चक्क गाणं म्हणत होतो. दुसऱ्या वळणावर ‘किंई’ ऐकू आलं.

पुढे खड्डा दिसला. दिसला म्हणजे चांगला दिसला. पाण्याने भरलेला, सूपभर रुंद. मी त्याच्याकडे टक लावून पाहिलं, मनात म्हटलं, “यात जायचं नाही, यात जायचं नाही,” दोन्ही ब्रेक जीव खाऊन आवळले आणि सरळ त्यातच गेलो. पुढलं चाक आत बसलं, मागलं वर उठलं, आणि १८८५ पूर्वीची सर्व मंडळी जशी पडत तसा मी हँडलवरून पुढे गेलो. ही बाजूला पडली, डाव्या हातावर. नारळाची वाटी मात्र घरंगळत सुखरूप खाली गेली.

“तुम्ही पाहत काय होतात हो?” चिखलात बसल्या बसल्या हिचा पहिला प्रश्न.

“खड्डाच पाहत होतो.”

“मग खड्ड्यातच जाणार! रस्ता पाहायचा होतात ना!”

सायकलशास्त्राचा पाया या एका वाक्यात आहे. नजर जिकडे, हात तिकडे, हात जिकडे, चाक तिकडे. खड्डा टाळायचा तर त्याच्या शेजारच्या चांगल्या चार बोटं रस्त्याकडे पाहावं. पण हे मला तिथे पटलं नाही, कारण हिचा हात मनगटापाशी भलत्याच दिशेला वळलेला मला दिसला, आणि माझं गाणं, विनोद, मिरवणं सगळं एकदम संपलं.

तेवढ्यात वरच्या वळणाकडून एक म्हातारा आला. खांद्यावर फावडं, डोक्यावर इरलं. मैलकुली. नव्या वाचकांना हा शब्द सांगायला हवा. रस्त्याचे मैल वाटून दिलेले असत. आपल्या वाट्याच्या मैलावर गटार मोकळं करायचं, साइडपट्टीला मुरूम घालायचा, खड्ड्यात खडी टाकून धुम्मसाने ठोकायची, ही त्याची नोकरी. त्याने आधी हिचा हात पाहिला, डोक्याचं फडकं सोडून दोन काटक्यांच्या मधे बांधला, आणि मग माझ्याकडे वळला. चष्म्यावरून मी शिक्षक असणार असं त्याने ठरवलं होतं.

“मास्तर, बिरेक कुठं दाबलात?”

“खड्ड्यात.”

“खड्ड्यात नाय दाबायचा. खड्ड्याच्या आधी दाबायचा, खड्ड्यात सोडायचा. अडवलेलं चाक रुततं, फिरतं चाक निघतं.”

आम्ही तिघे चालत उतरलो. सायकल त्याने धरली होती. वाटेत त्याने मला जे सांगितलं ते मी आजवर कुठल्या पुस्तकात इतकं सोपं वाचलेलं नाही. उतार लागायच्या आधीच वेग कमी ठेवायचा, मागाहून नाही. (हे पुढे मी हिशेबाने ताडून पाहिलं. ताशी तीस किलोमीटरला सायकल सेकंदाला आठ मीटरहून जास्त जाते; आणि वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर दुप्पट नव्हे, चौपट लागतं.) पावसात ब्रेक आधीपासून हलके हलके टेकवत राहायचे, म्हणजे रिमवरचं पाणी पुसलं जातं. दोन्ही ब्रेक सारखे वापरायचे, पण सुट्या खडीवर, वळणात, पुढचा आवळायचा नाही. खराब पट्टा आला की बैठकीवरून किंचित उठायचं, दोन्ही पायडल एका पातळीत, गुडघे सैल, अंग थोडं मागे. हादरा पायांनी खायचा, कण्याने नाही. पाण्याने भरलेल्या खड्ड्यावर विश्वास ठेवायचा नाही, त्याचा तळ त्यालाच माहीत. डांबराच्या कडेवरून चाक खाली साइडपट्टीवर उतरलं तर तिरपं वर चढवायला जायचं नाही, थांबून उचलून घ्यायचं.

“आणि भ्या वाटलं तर?” मी विचारलं. त्याच्या सहवासात माझी भाषाही उतरली होती.

“तर उतरायचं नि चालायचं. चालणारा कधी हँडलावरून पडला नाय.”

पण मला आठवतं ते हे सगळं नव्हे. आम्ही निघालो तेव्हा त्याने कडेच्या झाडाची एक फांदी तोडली आणि त्या खड्ड्यात उभी खोचली. येणाऱ्याला लांबून दिसावी म्हणून. मग हिच्याकडे पाहून म्हणाला, “सकाळीच लावायला पायजे होती, बाय. ऱ्हायली. माफी करा.”

रस्त्याबद्दल आमची माफी मागणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. खड्डा त्याने पाडला नव्हता. ट्रक त्याचे नव्हते, डांबर त्याचं नव्हतं, पाऊस तर नव्हताच. त्याच्या हातात फक्त फांदी होती, आणि ती लावायला उशीर झाला म्हणून त्याला वाईट वाटत होतं. त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. इतिहासकार म्हणून ही माझी चूक आहे, आणि ती मी इथे नोंदवून ठेवतो.

हिचं मनगट बसलं, पण थोडं वाकडंच. आजही पाऊस यायचा असला की आदल्या दिवशी ते दुखतं. वेधशाळेचा अंदाज आम्ही पुढे पेपरात वाचतो.

मध्यंतरी मला मुंबईच्या पारशी तरुणांची हकीकत वाचायला मिळाली. १५ ऑक्टोबर १९२३ ला सहा जण मुंबईहून सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, चव्वेचाळीस हजार मैल तुडवून मार्च १९२८ मध्ये परत आले. केवढी छाती! मी हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, “कॅरिअरवर कोण होतं?” म्हटलं, “कोणी नाही.” “मग बरोबर आहे,” म्हणाली.

आता काळ बदलला. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत धावते. शाळा लांब असलेल्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात. सकाळी दोन वेण्यांची एक रांगच्या रांग पाड्यांवरून उतारावर सुसाट येताना दिसते, आणि माझा जीव खालीवर होतो. वाचता यावं म्हणून निघालेल्या पोरींनी आधी रस्ता वाचायला शिकावा लागतो. मैलकुली मात्र त्या रस्त्यावर दिसत नाही. हल्ली ठेका असतो. ठेक्यात खडी असते, डांबर असतं, फांदी नसते.

माझी नात आठवीत आहे. तिच्या सायकलला एकवीस गियर आणि डिस्कब्रेक. हे ब्रेक पावसातही धरतात. पण ब्रेक धरला तरी ओल्या खडीवर टायर धरेलच असं नाही, एवढं तिला मी शिकवलं आहे. बाकीचं आजीने मनगट दाखवून शिकवलं. गेल्या जूनमध्ये आमच्या घराखालच्या उतारावर, वळणाच्या जरा पुढे, रस्त्याच्या कडेला एक ढोपरभर खड्डा पडला. मी परसातल्या शेवग्याची मनगटाएवढी फांदी तोडली आणि जाऊन त्यात खोचली.

“आजोबा, असं काय करताय?” नात म्हणाली. “फोटो काढून तक्रार टाका ना मोबाइलवर.”

म्हटलं, दोन्ही करू. तिने फोटो काढला, तक्रार टाकली, नंबर आला. त्या मुली रोज सकाळी फांदी लांबून पाहून वेग कमी करत आणि वळसा घालून जात. एकही पडली नाही. साधारण दीड महिन्याने मोबाइलवर संदेश आला: आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे. मी छत्री घेऊन पाहायला गेलो. खड्डा होता तसाच होता. पण शेवग्याची फांदी ती; माती मिळाली, पाणी मिळालं, तिला पालवी फुटली होती.

ही बरोबर होती. तिने वाकड्या मनगटाने दोन मुठी कोवळा पाला खुडून पदरात घेतला आणि म्हणाली, “कोणी बुजवायला आलंच, तर म्हणावं शेंगा धरेपर्यंत थांबा.”